पाय किती चालला?

पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेल्या माणसाला डॉक्टर पहिल्यांदा अंतर विचारतात. किती चाललं की दुखतं? शहापूर-मुरबाडकडचा माणूस याचं उत्तर मीटरमध्ये देत नाही. तो म्हणतो, आसनगाव स्टेशनाचा पूल चढलो की पोटऱ्या धरतात. शेतावरून येताना मधे एकदा बांधावर बसावं लागतं. आधी रानातून मोळी घेऊन एका दमात घरी यायचो, आता वाटेत दोनदा उतरवतो. थांबलं की चार-पाच मिनिटांत दुखणं जातं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतं. उपचारानंतर आपल्याला बरं वाटतंय की नाही, हेही तो याच हिशोबाने सांगतो. पूल न थांबता चढलो, किंवा अजून तिथेच बसावं लागतं.

रुग्णालयाच्या कागदावर मात्र वेगळं लिहिलेलं असतं. घोट्याचा दाब ०.५५ होता, ०.९० झाला. वाहिनी उघडी आहे. पाय वाचला. यातलं काहीच खोटं नसतं. पण रुग्णाचा हिशोब आणि कागदाचा हिशोब बरेचदा जुळत नाहीत, आणि ही फारकत कशी पडली हे पाहायचं तर जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

या आजाराची पहिली नेमकी नोंद एका घोड्याची आहे. १८३१ मध्ये पॅरिसमधले पशुवैद्य बूले यांच्यापुढे एक घोडा आला. उभा असताना तो ठणठणीत दिसे. गाडीला जुंपून थोडा चालवला की मागचा पाय ओढू लागे, आणि विश्रांती मिळाली की पुन्हा नीट चाले. तो मेल्यावर मांडीच्या धमन्या बंद झालेल्या सापडल्या. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते, तिथे बैल घेणारा जाणता शेतकरी दावणीला बांधलेल्या जनावरावर कधी पैसे टाकत नाही, आधी त्याला चालवून बघतो. बूलेंनी घोड्याच्या बाबतीत नेमकं हेच केलं होतं. माणसातलं असंच दुखणं पुढे १८५८ मध्ये शार्को यांनी तपशिलाने मांडलं. त्यांचा रुग्ण जुना सैनिक होता, गोळीच्या जखमेमुळे त्याची ओटीपोटातली धमनी बंद झाली होती. काही मिनिटं चाललं की त्याचा पाय जड होई, पेटका येई, आणि बसलं की सगळं ओसरे. म्हणजे या आजाराचं अगदी पहिलं माप चालण्याचंच होतं, आणि त्यासाठी कसलंही यंत्र लागलं नव्हतं.

मग ते मागे का पडलं? शल्यचिकित्सकांपर्यंत हे रुग्ण पोचत ते फार उशिरा, बोट काळं पडल्यावर. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या लिओ बर्गर यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं आणि ज्याला पुढे त्यांचं नाव मिळालं, तो त्यांनी ११ कापलेल्या पायांच्या तपासणीतून ओळखला. जो आजार कापलेल्या पायातून कळला, त्यातलं यश पाय न कापावा लागण्यातच मोजलं जाणार, हे ओघानेच आलं. पाय राहिला की गेला, आणि गेला तर कुठून गेला, एवढाच हिशोब.

या हिशोबाला मी कमी लेखत नाही. बर्गरचा आजार आपल्याकडे फार जुना पाहुणा आहे. पायाच्या धमन्यांच्या एकूण रुग्णांत पश्चिम युरोपात त्याचं प्रमाण ५-६ टक्क्यांच्या आत आढळलं, तर भारतातल्या जुन्या पाहण्यांत ते ४५ ते ६३ टक्के नोंदलं गेलं. तो गाठतो तिशी-चाळिशीतल्या, हातावर पोट असलेल्या, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषाला. बांगलादेशात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विडीचा आणि या आजाराचा संबंध ठळकपणे दिसला होता. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभं राहणाऱ्या, किंवा दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी-ठाकर माणसाचा पाय गुडघ्याखालून गेला की गुडघ्यावरून गेला, यावर पुढची वीस वर्षं ठरतात. गुडघा वाचला तर कृत्रिम पाय लावून तो कामाला उभा राहू शकतो. गुडघा गेला तर बहुतेक वेळा ओट्यावर बसतो. या आजारातला सगळ्यात परिणामकारक उपचार कोणता, हेही पाय मोजूनच कळलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णमालिकेत तंबाखू पूर्ण सोडणाऱ्यांपैकी ९४ टक्के लोकांचे पाय वाचले. ओढत राहिलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना कापण्याला सामोरं जावं लागलं. विडी सोड असं डॉक्टर दटावून सांगतात, तेव्हा त्यांच्या मागे कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा भक्कम आकडा असतो.

तरी पाय राहिला म्हणजे पाय चालला असं होत नाही. ही गोष्ट वैद्यकाला उमगायला वेळ लागला, आणि त्यात एका राजाचं उदाहरण येतं. १९२० च्या दशकात कमरेजवळच्या सिंपथेटिक मज्जातंतूंची साखळी कापण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. हे तंतू रक्तवाहिन्या आवळून धरतात. ते कापले की वाहिन्या सैल होतात आणि गार पडलेला पाय गरम होतो. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही बर्गरच्या रुग्णांवर ही शस्त्रक्रिया अनेक वर्षं झाली. ज्यांचं डोकं आपल्या रुपयाच्या नाण्यावर होतं, त्या राजे सहाव्या जॉर्जना १९४८ च्या अखेरीस पायाच्या धमन्यांचा आजार निघाला. ते भरपूर सिगारेट ओढत. उजवा पाय जाईल की काय, अशी भीती होती. १२ मार्च १९४९ रोजी सर्जन जेम्स लर्मंथ यांनी थेट बकिंगहॅम राजवाड्यातच त्यांच्यावर हीच शस्त्रक्रिया केली. पाय वाचला. १९५२ मध्ये राजांचा मृत्यू झाला तो वेगळ्या आजारांनी, पण तंबाखूचा हात त्यांतही होताच.

त्या काळात या शस्त्रक्रियेचं यश पायाच्या उबेवरून ठरे. हात लावला आणि पाऊल कोमट लागलं, की काम झालं. पुढे मोजून पाहिलं तेव्हा कळलं की ऊब वाढते ती बहुतांश कातडीत. चालताना ज्याला रक्त हवं असतं त्या पोटरीच्या स्नायूला फारसं काही मिळत नाही. पाऊल गरम झालेला माणूस पूर्वीइतक्याच पावलांनी थांबत होता. जखम भरायला, रात्रीची आग कमी व्हायला काही रुग्णांना मदत झाली, हे खरं. पण चालण्यासाठी म्हणून ही शस्त्रक्रिया करायची नसते, हे समजेपर्यंत बराच काळ गेला. डॉक्टर प्रामाणिक होते, त्यांचा हातही चुकत नव्हता. माप कातडीचं घेतलं जात होतं आणि दुखणं स्नायूचं होतं.

यानंतर आला आकडा, आणि त्याचा उगम मला या साऱ्या गोष्टीत सर्वात विलक्षण वाटतो. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची युक्ती इटलीतल्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली. पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची पद्धत १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव यांनी दिली. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका दंडावर जे ऐकते, ते कोरोत्कोवचे आवाज. पण कोरोत्कोव हृदयाचे डॉक्टर नव्हते. ते शल्यचिकित्सक होते. रशिया-जपान युद्धात हातापायांच्या धमन्यांना इजा झालेले सैनिक त्यांच्याकडे येत, आणि जखमी धमनी बांधून टाकली तर अवयव जगेल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधताना ते धमन्यांवर कान लावून ऐकत असत. दंडावरचा रक्तदाब ज्याच्यामुळे सगळ्या जगाला मोजता येऊ लागला, तो माणूस मुळात हातपाय वाचवायच्या खटपटीत होता.

तोच पट्टा घोट्यावर यायला मग जवळजवळ अर्धं शतक लागलं. १९५० मध्ये अमेरिकेतल्या ट्रॅव्हिस विन्सर यांनी हातापायांच्या निरनिराळ्या जागचे दाब ताडून दाखवले. घोट्याशी स्टेथोस्कोपने नीट ऐकू येत नाही. ती अडचण डॉप्लरने सोडवली. १९६० च्या दशकात सिअॅटलमध्ये यूजीन स्ट्रँडनेस यांनी ध्वनिलहरींचं ते तंत्र पायाच्या वाहिन्यांसाठी रुजवलं, आणि १९६९ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातून याओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी घोट्याच्या दाबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाला काही मिनिटं आडवं झोपवायचं, दोन्ही दंडांचा दाब घ्यायचा, दोन्ही घोट्यांचा घ्यायचा, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. निरोगी माणसात उत्तर १ च्या आसपास किंवा थोडं वर येतं. ०.९० किंवा खाली आलं तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. उपचारानंतर हा आकडा ०.१५ हून कमी सरकला तर तो मोजणीतल्या फरकातच जमा करतात. पाच-दहा मिनिटांचं काम, सुई नाही, क्ष-किरण नाही. ग्रामीण रुग्णालयासाठी याहून सोयीचं माप सापडणं कठीण.

तरी दोन गोष्टी त्याला दिसत नाहीत. मधुमेहात घोट्याच्या धमन्यांत चुना साठून त्या कडक होतात, पट्टा आवळला तरी दबत नाहीत. मग आकडा १.४० च्या वर जातो आणि आजारी पाय धडधाकट दिसू लागतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो, कारण बोटांच्या बारीक धमन्यांत हा कडकपणा तितका उतरत नाही. आपल्याकडे ही अडचण लहान नाही. चेन्नईतल्या २००० सालच्या लोकसंख्या-पाहणीत एकूण ३.२ टक्के लोकांत पायाच्या धमन्यांचा आजार निघाला, मधुमेहींत तेच प्रमाण ६.३ टक्के होतं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, तिच्याकडे पुढे येतो.

आकड्यासोबत पायऱ्याही आल्या. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या रने फोंतेन यांनी १९५४ मध्ये आजाराचे चार टप्पे पाडले: त्रास नाही, चालताना दुखतं, बसूनही दुखतं, जखम किंवा गँगरीन. दुसऱ्या टप्प्याचे दोन भाग झाले आणि त्यांच्यामधली रेघ २०० मीटरवर ओढली गेली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती रेघ अजून आहे. आसनगावला १२ डब्यांची लोकल फलाटाला लागते, तिची लांबी अडीचशे मीटरच्या आसपास. शेवटच्या डब्यातून उतरून पहिल्या डब्याकडच्या पुलाशी न थांबता पोचलो, तर फोंतेनच्या हिशोबात आजार सौम्य. पण ते सपाट जमिनीवरचं चालणं झालं. पूल चढणं, डोक्यावर ओझं, भाताच्या निसरड्या बांधावरून तोल सांभाळत जाणं, हे त्या २०० मीटरांत कुठेच बसत नाही.

याच काळात वाहिनी दुरुस्त करायची कला बहरली. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये ज्याँ क्युंलें यांनी रुग्णाचीच शीर काढून बंद धमनीला वळसा, म्हणजे बायपास, घातला. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या लॉरा शॉ यांच्या मांडीतली अरुंद धमनी आतून नळी सरकवून रुंद केली. त्यांच्या पायाला गँगरीन सुरू झालं होतं, आणि पाय कापून घ्यायला त्यांनी ठाम नकार दिला होता. जखमा भरल्या, आणि मृत्यूपर्यंत त्या स्वतःच्या पायांवर चालल्या. आपण ज्याला फुगा घालणं म्हणतो त्या उपचाराची सुरुवात ही. त्या पहिल्या रुग्णाचं यश मोजलं गेलं चालण्यात. पुढच्या हजारोंचं मोजलं गेलं चित्रात. वाहिनी सहा महिन्यांनी उघडी आहे का? वर्षाने? दोन वर्षांनी? हे माप करणाऱ्याच्या कामाचं आहे, आणि काम टिकलं का हे त्याला कळायलाच हवं. माझी तक्रार एवढीच की फार काळ तेवढंच पुरेसं मानलं गेलं.

चालण्याचं माप परत आलं ते व्यायामामुळे. १९६६ मध्ये डेन्मार्कच्या लार्सन आणि लासन यांनी एका लहानशा प्रयोगात काही रुग्णांना रोज नेमाने चालायला लावलं, आणि त्यांचं न थांबता चालायचं अंतर वाढलं. त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांत तेच दिसलं: दुखू लागेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आठवड्यातून तीन वेळा, निदान तीन महिने. आणि घोट्याचा आकडा? तो जवळजवळ जागचा हलत नाही. आकड्याला न दिसणारी ती दुसरी गोष्ट ही. स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात काम करायला शिकतो, चालण्याची ढब सुधारते, माणूस दुप्पट लांब जातो, आणि भागाकाराचं उत्तर होतं तिथेच राहतं. उलट काहींची वाहिनी उघडते, आकडा सुरेख येतो, आणि तरी माणूस आधीइतकाच चालतो.

मग अंतर मोजायचं कसं, यावर पुढची कित्येक वर्षं गेली. चालपट्टी (ट्रेडमिल) आली: ताशी ३.२ किलोमीटरचा वेग, १२ टक्क्यांचा चढ. अनेक रुग्णांना तो चढ झेपेना, म्हणून १९९१ मध्ये गार्डनर यांनी चढ दर दोन मिनिटांनी २ टक्क्यांनी वाढवत नेणारी पद्धत आणली. २०१२ मध्ये अमेरिकेत क्लेव्हर नावाच्या चाचणीत १११ रुग्णांची तुलना झाली. चालपट्टीवरचा जास्तीत जास्त वेळ देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांचा सरासरी ५.८ मिनिटांनी वाढला, स्टेंट (वाहिनी उघडी धरणारी जाळी) बसवलेल्यांचा ३.७ मिनिटांनी, फक्त औषधं घेणाऱ्यांचा १.२ मिनिटांनी. पण जगणं किती सुधारलं, असं रुग्णांनाच विचारलं तेव्हा स्टेंटवाले अधिक समाधानी निघाले. एकाच चाचणीत दोन मापांनी दोन वेगळी उत्तरं दिली. मला यात गोंधळ दिसत नाही. पट्टीवर दमेपर्यंत चालणं आणि बाजारातून घरी निवांत येणं ही दोन वेगळी कामं आहेत.

चालपट्टीवरचा विश्वास सर्वात जास्त डळमळीत केला तो शिकागोच्या डॉ. मेरी मॅकडरमॉट यांनी. त्या रुग्णांना साध्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालवतात आणि अंतर मोजतात. पाय दुखत नाही असं सांगणारे अनेक रुग्ण मुळात फार कमी चालतात, आणि वर्षागणिक त्यांची चाल खालावत जाते, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. पाय दुखत नाही, कारण दुखेल इतकं चालणंच त्यांनी सोडलेलं असतं. हे वाचलं तेव्हा आपल्या गावागावांतल्या ओट्यांवरचे म्हातारे डोळ्यांपुढे आले. आजोबांना काही त्रास नाही, ते कुठे जातातच कुठे, असं घरचे कौतुकाने सांगतात. १९६२ मध्ये जेफ्री रोझ यांनी तयार केलेल्या जगप्रसिद्ध प्रश्नावलीत पायदुखीच्या भागातला पहिलाच प्रश्न चालताना पाय दुखतो का, असा आहे. हे आजोबा नाही म्हणणार आणि आजारमुक्त ठरणार.

गंभीर आजारात, बोट काळं पडलेल्यांत, प्रश्न आणखी अवघड होतो. ब्रिटनच्या २००५ सालच्या बेसिल चाचणीत ४५२ रुग्ण होते आणि माप होतं जिवंत राहून पाय शाबूत असणं. २०२२ मध्ये बेस्ट-सीएलआय चाचणीत १,८३० रुग्ण होते. तिथे पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागणं हेही अपयशात धरलं गेलं, आणि पायाची चांगली शीर असलेल्यांत बायपास सरस ठरली. पुढच्याच वर्षी ३४५ रुग्णांच्या बेसिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या वाहिन्यांसाठी आधी फुगा घातलेला बरा, असं निघालं, आणि तो फरक मुख्यतः मृत्यू कमी झाल्यामुळे होता. दोन्ही चाचण्यांतले रुग्ण सारखे नव्हते, धमन्यांचे भागही सारखे नव्हते, पण अपयश कशाला म्हणायचं हेही दोघींनी वेगळं ठरवलं होतं. पुन्हा रुग्णालयात यावं लागणं हे अपयश मानायचं का? मुरबाडहून एसटीने कल्याण, तिथून लोकलने परळ किंवा भायखळा, सोबतीला घरचा एक माणूस, दोघांची मजुरी बुडालेली. हे ज्याला करावं लागतं त्याच्यासाठी माझं उत्तर नक्की हो असं आहे.

महाराष्ट्रात या मोजमापाला जमिनीवर आणणारं एक काम नागपुरातून झालं. मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी नेदरलँड्सचे डॉ. कारेल बाकर आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासोबत ‘स्टेप बाय स्टेप’ हा उपक्रम उभा केला. त्यात डॉक्टर आणि परिचारिका अशा जोड्यांना एकत्र शिकवलं गेलं: पाय कसा तपासायचा, नाडी कशी चाचपायची, जखम कधी वर पाठवायची. परिचारिकेला बरोबरीने शिकवण्यात फार मोठं शहाणपण होतं, कारण दर आठवड्याला पट्टी बदलताना तो पाय तीच पाहत असते.

आता उपचाराचा खर्च शासन उचलतं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना कितीतरी घरांना सावकारापासून वाचवते. पण शस्त्रक्रिया करून घरी आलेला माणूस पुढे किती चालला, हे गावाजवळच्या रुग्णालयातच मोजता येईल. त्यासाठी महागडी चालपट्टी नको. सहा मिनिटांच्या चाचणीला ३० मीटरचा सपाट व्हरांडा, दोन टोकांना दोन खुणा, घड्याळ आणि मधे टेकायला एक खुर्ची पुरते. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिकेने घोट्याच्या दाबाशेजारी आणखी तीन रकाने भरावेत: सहा मिनिटांत किती मीटर, घरून कुठपर्यंत न थांबता जाता येतं, आणि उपचाराआधी कुठपर्यंत जाता येत होतं. तिसऱ्या महिन्यात एकदा, सहाव्यात एकदा, वर्षाने एकदा. दुसऱ्या रकान्यात रुग्ण जे बोलेल तेच लिहावं, मीटरमध्ये बदलू नये: पुलापर्यंत, विहिरीपर्यंत, खालच्या शेतापर्यंत.